सोरेनच्या नावचा चेक

१

"चेक गेला," आर्डिस टोलेफसन म्हणाली. "काल सकाळी होता. आज नाही."

ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवत उभी होती. खिडकीच्या कट्ट्यावर जुना रेडिओ होता, पिकत ठेवलेले टोमॅटो होते, आणि त्यांच्यामध्ये एक पाकीट मावेल एवढी मोकळी जागा. गव्हाच्या कापणीचे दिवस, घरभर भुशाची धूळ. पण तेवढी जागा लख्ख पुसलेली होती.

डेप्युटी थिया ब्रँडव्होल्डने टोपी काढून टेबलावर ठेवली. शेरीफच्या कचेरीत फोन आला तेव्हा आर्डिसने 'चोरी झालीय, तूच ये' एवढंच सांगितलं होतं. हाल्डेन गावात चोरी म्हणजे ट्रॅक्टरमधलं डिझेल, फार तर बॅटरी.

"कसला चेक?"

"सरकारचा. राज्य सगळ्यांना इन्कम टॅक्सचे पैसे परत देतंय ना, तो. आमचा नव्हे, आमचा केव्हाच बँकेत गेला." आर्डिस खुर्चीत बसली. "सोरेनचा."

थियाने उघडलेलं पेन तसंच हातात राहिलं. हे नाव या घरात कुणी मोठ्याने घेत नसे. गावातही नाही, निदान तिच्यासमोर तरी नाही. आर्डिसचा मुलगा सोरेन आणि त्याचा बाप एनार यांचा अंगणात कडाक्याचा तंटा झाला, त्याला सात वर्षं होऊन गेली होती. शाळा सुटल्यापासून सोरेन जी जमीन कसत होता ती एनारने त्याला न विचारता शेजाऱ्याला खंडाने दिली होती. 'चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस,' हे शब्द रस्त्यापर्यंत ऐकू आले होते. त्याच दुपारी सोरेन पिकअप घेऊन थियाच्या दारात आला होता. 'डकोटात तेलविहिरींवर काम मिळतंय. बस्तान बसलं की कळवतो.' गाडीचं इंजिनही त्याने बंद केलं नव्हतं.

त्यानंतर काहीच कळलं नाही. डकोटातून बेवारस माणसांची वर्णनं आली की थिया ती आधी वाचायची. सहा फूट, केस गव्हाळ, डाव्या भुवईवर व्रण. तसं कुणी कधी निघालं नाही. प्रत्येक वेळी सुटल्यासारखंही वाटायचं आणि रितंही.

"चेक या पत्त्यावर आला?"

"इथेच, टपालपेटीत. मी फोडला. दुसऱ्याचं टपाल फोडणं गुन्हा आहे ना? कर अटक." आर्डिस हसली नाही. "मग साध्या पाकिटात घालून इथे ठेवला. येईल तेव्हा घेईल म्हणून. रोज सकाळी कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसायचे. जनेल म्हणते, आई, तू देव्हारा मांडलायस."

"किती रकमेचा होता?"

"अडीच हजार डॉलर. पैशाचं मला काही नाही, थिया." तिने कपाटातल्या साखरेच्या डब्याकडे हात केला. "त्यात घरखर्चाच्या नोटा असतात, साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्या तशाच आहेत. चोराने फक्त चेक नेला."

"काल कोण कोण येऊन गेलं?"

"मी दिवसभर चर्चमध्ये होते, कापणीच्या जेवणासाठी अ‍ॅपल पाय भाजायला. दार उघडंच. जनेल मांस ठेवून गेली. गस कॉफी प्यायला येतोच, मी असले-नसले तरी त्याला सारखंच. एनार बाहेर."

"एनारना चेकचं माहीत होतं?"

"सांगितलं होतं मी. ऐकलं आणि उठून गोठ्याकडे गेला. त्या खिडकीकडे त्याने मान वळवलेली मी एकदाही पाहिली नाही."

थिया निघायला उठली तेव्हा आर्डिसने तिचं मनगट धरलं.

"वर्तमानपत्रात वाचलं मी. ज्यांनी त्या सालचा टॅक्स इथे भरला, जे पूर्ण वर्ष या राज्यात राहिले, त्यांनाच हा चेक मिळतो. म्हणजे कळलं ना तुला? तो डकोटात नाही, पोरी. अलास्कात नाही. तो इथेच आहे, मोंटानात."

२

गाडीत बसून थियाने आधी टॅक्स खात्याला फोन लावला. रांगेत बराच वेळ गाणं ऐकल्यावर एका बाईचा थकलेला आवाज आला.

"चेक हरवल्याची तक्रार ज्याच्या नावचा आहे त्यानेच करायची. त्याची माहिती मी तुम्हाला देऊ शकत नाही. पोलिसांनासुद्धा फोनवर नाही."

"माहिती नको. नियम सांगा. हा चेक मिळतो कुणाला?"

बाईंना हे पाठ होतं. "रिटर्न वेळेत भरलेलं हवं. त्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी, दोन्ही वर्षं पूर्ण, माणूस राज्याचा रहिवासी हवा. दुसऱ्या कुणी त्याला आपल्यावर अवलंबून दाखवलेलं नको. जेवढा टॅक्स भरला त्याहून जास्त परत मिळत नाही, आणि माणशी साडेबाराशेच्या वर तर नाहीच. अजून काही?"

"चेक कुठल्या पत्त्यावर जातो?"

"करदात्याने शेवटचा कळवलेला असेल त्या. पुष्कळांनी गेल्या काही महिन्यांत बदलून घेतले. वेबसाइटवर सोय होती."

थियाने आभार मानून फोन ठेवला. शेवटचा कळवलेला पत्ता! सात वर्षांत माणूस बाहेर कुठेतरी राहिला असणार, कुठे तरी टपाल घेत असणार. तरी पत्ता कळवला तो आईच्या घराचा. चेक चुकून आला नव्हता. त्याने तो इथे पाठवून घेतला होता.

जनेल धान्य खरेदी केंद्रावर काट्यापाशी बसायची. गव्हाने भरलेले ट्रक रांगेने वजनाला उभे होते. थिया आणि ती एका वर्गातल्या. एके काळी नणंद-भावजय होणार म्हणून एकमेकींना चिडवणाऱ्या.

"मीच चोर असेन तर सांग, हात पुढे करते," जनेल म्हणाली. "कारण आई तसंच समजतेय."

"तू काल घरी गेली होतीस."

"मांस फ्रीजरमध्ये टाकलं आणि आले. पाकीट तिथेच होतं. हात नाही लावला मी. मी घेतलं असतं ना, तर फाडून चुलीत घातलं असतं!" तिने एका ट्रकला पुढे जाण्याची खूण केली. "आईची दुखणी मी काढली. बाबांची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी रजा घेतली. आणि ती रोज कुणासमोर कॉफी पिते? त्या कागदासमोर. मेलेलं बरं, निदान फुलं वाहून माणूस मोकळा होतो."

"तुझा चेक आला?"

"ती आणखी एक थट्टा. आम्ही दोघं नवरा-बायको त्या सालच्या मेपर्यंत विलिस्टनला होतो. अर्धं वर्ष डकोटात, म्हणून आम्हाला छदामही नाही. पळून गेलेल्याला मिळाले, परत आलेलीला नाहीत." तिने नाक पुसलं. "तो खरंच इथे आहे, थिया? राज्यात?"

"नियम तसं म्हणतो."

जनेल बराच वेळ काट्यावरचे आकडे पाहत राहिली. "तुला बरं वाटलं की वाईट?"

थियाने टोपी डोक्यावर नीट बसवली.

"गसला गाठ," जनेल म्हणाली. "बाबांनी जमीन दिली तो गस. सोरेन परत आला तर पहिली गदा त्याच्यावर. आणि परवा त्याने बारमधली वर्षाची उधारी एकरकमी फेडलीय. कुठून आले पैसे?"

३

गस पँक्रॅट्झ बांधावर पिकअपच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होता. थियाला पाहून त्याने हात वर केले.

"शरण आलो, डेप्युटी. सँडविच मात्र पुरं करू द्या."

"उधारी कशाने फेडलीस?"

"सरकारने! पहिल्यांदाच सरकारने मला पैसे दिले आणि मी ते थेट देशी उद्योगाला दिले." त्याने फोन काढून बँकेचा संदेश दाखवला. त्याच्या स्वतःच्या परताव्याचा होता, साडेनऊशे आणि काही. "साडेबाराशे मिळतील म्हणून मी बारमध्ये सगळ्यांना पाजली. मग कळलं, टॅक्सच तेवढा भरला नव्हता. जेवढा भरला तेवढाच परत. म्हणजे ज्याने जास्त कमावलं त्याला जास्त. बघा न्याय."

"काल आर्डिसकडे कॉफी प्यायलास?"

"नऊच्या सुमाराला. पाकीट होतं का, विचाराल. नव्हतं. रेडिओ लावायला हात घातला तेव्हा जागा रिकामी दिसली. म्हटलं, म्हातारीने आत ठेवलं असेल."

"जनेल तुझ्या आधी येऊन गेली. तिने पाहिलं होतं म्हणते."

"मग आमच्या दोघांच्या मध्ये गेलं." गसने सँडविचचा कागद चुरगळला. मग मान तिरकी करून विचारलं, "तो येणार आहे का परत? सोरेन?"

"आला तर?"

"तर खंडाचा करार संपेल तेव्हा जमीन त्याची. मी काय छातीशी बांधून नेणार आहे? मला हवी होती कधी? एनार आला, म्हणाला घे. मला वाटलं, पोरगं आणि बाप बोललेले असतील. सात वर्षं मी त्या बांधावरून जाताना खाली मान घालून जातो." त्याने कागदाचा बोळा फळीवर टाकला. "एक सांगू? चोरीचं नाही. कालचंच एक आहे."

"सांग."

"काल दिवसभर एनारचा हार्वेस्टर शेतात उभा होता. आभाळ निरभ्र, गहू वाळून खळखळ वाजतोय, गारांची भीती, आणि यंत्र उभं. सकाळीच निघाला, पार्ट आणायला ग्रेट फॉल्सला. संध्याकाळी आला. मी विचारलं, कुठला पार्ट? म्हणाला, मिळाला नाही. आज पाहिलं तर यंत्र मस्त चालतंय." गसने शेताकडे हनुवटी केली. "चाळीस वर्षांचा शेजार आहे, डेप्युटी. स्वतःच्या आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा तो माणूस दुपारनंतर कापणीला आला होता."

४

हार्वेस्टर शेताच्या दूरच्या कडेला वळत होता. थियाने गाडी कापलेल्या भागात घातली आणि उतरून वाट पाहत उभी राहिली. यंत्र जवळ येऊन थांबलं. केबिनमधून आधी म्हातारा कुत्रा बिक्स उतरला, मग गुडघा सांभाळत एनार. बहात्तर वर्षांचा, उंच, खांद्यावर भुसा.

"आर्डिसने तुला बोलावलं वाटतं."

"चेक चोरीला गेलाय, एनार. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही." त्याने बिक्सच्या कानामागे खाजवलं. "कागद आहे तो. खिडकीत ठेवून कुणाच्या कामाचा? काही महिन्यांनी मुदत संपते. ज्यांचे पैसे आहेत त्यांना मिळाले म्हणजे झालं."

"तुम्ही काल कुठे होता?"

"पार्ट आणायला."

"मिळाला?"

"नाही."

पुन्हा केबिनमध्ये चढताना त्याने मागे वळून पाहिलं. पाहण्यात राग नव्हता. थियाला उगाच वाटलं, याला काहीतरी विचारून घ्यायचंय आणि विचारता येत नाहीये.

ती परत गाडीकडे निघाली. एनारचा पिकअप बांधावर उभा होता. चाकांच्या वरच्या बाजूला राखी चिखल वाळून घट्ट बसला होता. हाल्डेनच्या आसपासची माती तांबूस. ग्रेट फॉल्सचा रस्ता डांबरी. असा राखी, खरवडून निघत नाही असा चिखल फक्त दक्षिणेला, मिसुरी नदीच्या काठच्या ओलसर दऱ्यांमध्ये. तिथे मेंढपाळांखेरीज कुणी जात नाही.

ती गाडीत बसली, पण किल्ली फिरवली नाही. एनारचं एक वाक्य कानात अडकून बसलं होतं. 'ज्यांचे पैसे आहेत त्यांना.' ज्यांचे? चेक सोरेनचा. एका माणसाचा. बाप आपल्या पोराबद्दल 'ज्याचे, त्याला' म्हणेल.

मग तिला टॅक्स खात्याच्या बाईंचा थकलेला आवाज आठवला. माणशी साडेबाराशेच्या वर तर नाहीच. आणि आर्डिसने रक्कम सांगितली होती अडीच हजार.

माणशी साडेबाराशे. एका माणसाला अडीच हजार मिळूच शकत नव्हते. मिळतात ते नवरा-बायकोने मिळून रिटर्न भरलं तर.

काचेवर भुसा येऊन बसत होता. थियाने वायपर चालू केले, आणि मग ते कोरडेच सरकत राहिले तरी बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही. सात वर्षं ती ज्याला बेवारस प्रेतांच्या यादीत शोधत होती, त्याचं लग्न झालं होतं.

५

"दुसरं नाव काय होतं, आर्डिस?"

आर्डिस सिंकपाशी उभी होती. ती वळली नाही.

"कसलं दुसरं?"

"चेकवर दोन नावं होती. तुम्ही तो सरकारी पाकिटातून काढून साध्या पाकिटात घातलात, कारण मूळ पाकिटाच्या खिडकीतून दोन्ही नावं दिसत होती. कुणाला दिसू नये म्हणून तुम्ही हे केलंत?"

आर्डिसने ओले हात कपड्याला पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"तुला," ती म्हणाली. "तू दर नाताळला कार्ड घेऊन येतेस. बसतेस, आणि जाताना त्याच्या खोलीच्या दाराकडे बघतेस. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

थियाची नजर या वेळीही त्या दाराकडे गेली. मग तिने पुन्हा विचारलं, "नाव?"

"मायते. मायते इरिगोयेन. मी असलं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. कुठली असेल, कशी असेल, रोज त्या कागदाकडे बघून विचार करायचे."

थियाने ते नाव ऐकलं होतं. तिला ते घर आठवलं, दरीच्या तोंडाशी, मेंढ्यांच्या वाड्यांमध्ये. बारा-तेरा वर्षांपूर्वी एनार, सोरेन आणि ती, तिघं पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून बिक्सला, तेव्हा तो पिल्लू होता, आणायला गेले होते. स्पेनच्या डोंगरांतून आलेल्या बास्क मेंढपाळांचं कुटुंब. नदीच्या दक्षिणेला त्या नावाचं ते एकच. पिल्लाला निरोप देताना तिथली मुलगी रडली होती, आणि सोरेनने तिला वचन दिलं होतं, आम्ही नीट सांभाळू. थियालाच त्याचा हा मऊपणा तेव्हा किती आवडला होता.

पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला. एनार पाण्याचा कॅन भरायला आत आला आणि दोघींकडे पाहून दारातच थांबला.

"बसा, एनार," थिया म्हणाली. "मी बोलते. चुकलं तर सांगा. जनेल गेल्यानंतर आणि गस यायच्या आधी चेक गेला. नोटांना हात लागला नाही, म्हणजे पैशाची चोरी नव्हे. दोन सह्यांशिवाय तो चेक तिसऱ्याला कुठेच वटवता आला नसता. तो फक्त त्या दोघांच्या कामाचा होता. म्हणून नेणाऱ्याला ते दोघं कुठे राहतात हे ठाऊक असणार. आर्डिसना माहीत नव्हतं. जनेलने पाकीट उघडलं नाही; उघडलं असतं तर मला चिडवल्याशिवाय राहिली नसती. इरिगोयेनांचं घर पाहिलेली इथे दोनच माणसं आहेत. एक मी."

एनार कॅन हातात धरून उभाच होता.

"तुम्ही ऐन कापणीत यंत्र उभं केलंत. तुमच्या चाकांना दरीतला चिखल आहे. आणि तुम्ही मला 'ज्यांचे पैसे' म्हणालात."

नळ ठिबकत होता. आर्डिसने तो घट्ट बंद केला.

"तू गेला होतास?" तिने नवऱ्याला विचारलं. "त्याला भेटलास?"

एनार शेवटी बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"परवा तू झोपलीस तेव्हा पाकीट उघडलं. नाव वाचलं. कळलं, कुठे आहे ते. तीन तासांच्या रस्त्यावर, आर्डिस. सगळी वर्षं." त्याने टोपीवरचा भुसा झटकला. "रिकाम्या हाताने कसा जाणार होतो? म्हणून चेक घेतला. म्हटलं, हा द्यायला आलोय असं सांगता येईल. तो फाटकापाशी आला. दाढी ठेवलीय. मी चेक दिला. त्याने घेतला. म्हणाला, राज्य पैसे वाटणार हे रेडिओवर ऐकलं तेव्हा मुद्दाम इथला पत्ता कळवला. पत्र लिहायला बसायचा, पण शब्द यायचे नाहीत. चेक पाहून आईला कळेल, आपण आहोत. आणि कुणाबरोबर आहोत."

"मग? मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"त्याने विचारलं, आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. वाड्यातून एक लहान मुलगी बाहेर आली आणि त्याच्या पायाला बिलगली. कपाळ अगदी आमच्या घराण्याचं. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. गाडीत बसलो आणि आलो." त्याने टोपी हातात फिरवली. "घरी ये, एवढं म्हणायचं होतं. वाटेत तीन तास तेच घोकत गेलो. तोंडातून निघालं नाही. आता तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, त्याला आणलं का नाहीस. काय सांगणार होतो?"

आर्डिस त्याच्याकडे अशी पाहत राहिली, जणू इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस तिला आज दिसला. मग तिने अ‍ॅप्रन सोडला.

"गाडी काढ."

"गहू—"

"गहू गेला खड्ड्यात! नको, तू नको चालवूस. तुझ्या शेजारी तीन तास बसले तर मी तुला दरीत ढकलेन. थिया चालवील."

"मी?" थिया म्हणाली.

आर्डिस कपाटातून अ‍ॅपल पायचं ताट काढत होती. "दुसऱ्या कुणाला सांगू, पोरी?"

६

इरिगोयेनांच्या फाटकापाशी ते पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एनार मागच्या सीटवर कैद्यासारखा बसला होता. मांडीवर अ‍ॅपल पायचं ताट होतं.

थियाने गाडी थांबवली. वाड्याकडून एक माणूस चालत येत होता. दाढी होती, अंग भरलं होतं, पण चाल तीच. डावा खांदा जरा पुढे. भुवईवरचा व्रण दिसण्याआधीच तिने ओळखलं. आपण ज्याला ओळखायची सात वर्षं तयारी केली त्याला ओळखायला एक क्षणही लागू नये, याचं तिला आश्चर्य वाटलं.

आर्डिस दार उघडून उतरली. काही अंतर चालली आणि मग धावली, सत्तरीची बाई. सोरेनने फाटक उघडेपर्यंतही ती थांबली नाही. फाटकाच्या फळ्यांमधूनच तिने त्याचा शर्ट मुठीत धरला.

मागे एनार हलला नाही.

"जा," थिया आरशात पाहत म्हणाली. "तीन तास पुन्हा घोकलंय तुम्ही. ओठ हलताना दिसत होते मला."

एनार उतरला. तो काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. सोरेनची मान खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही, आणि म्हाताऱ्याचा हात त्याच्या मानेवर पडला, एवढं दिसलं.

थिया गाडीतच बसून राहिली. थोड्या वेळाने सोरेन तिच्या खिडकीशी आला.

"थिया."

"सोरेन."

"आई म्हणते, तू मला डकोटात शोधत होतीस."

"कामाचा भाग होता."

ते खोटं आहे हे त्याला कळलं, आणि त्याने ते तसंच राहू दिलं. "मी डकोटालाच निघालो होतो. नदीच्या पुलापाशी दोन रस्ते फुटतात. तिथे गाडी उभी करून बसलो. मग दक्षिणेला वळलो, का ते माहीत नाही. कामाला म्हणून इथे आलो, राहिलो. तुला कळवतो म्हणालो होतो. कळवण्यासारखं झालं तेव्हा... ते तुला कळवण्यासारखं नव्हतं."

"नव्हतंच," ती म्हणाली.

"जेवून जा. मायते ताट वाढतेय."

आत लांब टेबल होतं, मेंढीच्या मांसाचा रस्सा, घेवडा, मोठा पाव. मायते काळ्या केसांची, गंभीर चेहऱ्याची. तिने थियाचा हात जरा जास्त वेळ हातात धरला आणि काही विचारलं नाही. त्या मुलीचं नाव नेरेआ होतं. तिने एनारला त्याच्या टोपीवर काय लिहिलंय ते विचारलं, आणि बियाण्याच्या कंपनीचं नाव तो तिला अक्षर-अक्षर वाचून दाखवत बसला. आर्डिसने सोरेनच्या उजव्या हाताची बाही जी धरली ती जेवणभर सोडली नाही. तो डाव्या हाताने जेवत होता. सोड म्हणायची कुणाची छाती नव्हती.

म्हातारा-म्हातारी तिथेच मुक्कामाला राहिली. थिया एकटी परत निघाली. दरीतून वर चढून रस्ता सपाटीला लागला तसा वायरलेस खरखरला. कचेरीतून विचारणा होती, टोलेफसनांच्या चोरीचं काय करायचं, नोंद उघडी ठेवायची का.

"बंद करा," थिया म्हणाली. "चोरी नव्हती. सोरेनचा चेक ज्यांचा होता त्यांना पोचला."

"म्हणजे सोरेन सापडला? कसा आहे?"

तिने गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना न कापलेला गहू होता आणि वाऱ्याने तो एका अंगाला झुकत होता.

"दाढी ठेवलीय," ती म्हणाली. "शोभते."

मग तिने वायरलेस ठेवून दिला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली. पुलापाशी थांबलेल्या सोरेनसारखं कुठे वळायचं ते तिला ठरवायचं नव्हतं. रस्ता सरळ हाल्डेनलाच जात होता.